वीतभर उरलेला चेंडू

फायनलच्या दिवशी सकाळी सगळ्यात मोठा प्रश्न हा होता, की आमचे हे कुणाची बॅग उचलणार.

एका बाजूला त्यांची सख्खी थोरली बहीण, आक्कासाहेब. दुसऱ्या बाजूला मी, त्यांची बायको. क्लबच्या व्हरांड्यात चहा पिणाऱ्यांना त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. हे आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी नुकतीच केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण. कठड्याला टेकवून ठेवलेल्या दोन्ही बॅगांकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं. मग आक्कासाहेबांची उजव्या खांद्याला अडकवली, माझी डाव्या खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "चला."

"उदयसिंहराव, कावड घेऊन निघालात की," कर्नल सबनीस म्हणाले.

हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर कुणाच्या तरी बाजूनं बोलल्यासारखं झालं असतं.

आमचं हिरेगड एकेकाळी संस्थान होतं. संस्थान एवढं लहान, की राजेसाहेबांच्या मोटारीनं तिसरा गिअर टाकेपर्यंत हद्द संपायची. शेवटचे राजेसाहेब विलायतेत शिकताना गोल्फ बघून आले आणि त्यांनी गावाच्या पूर्वेच्या माळावर नऊ होलांचं मैदान केलं. माळाला पाणी नव्हतं, त्यामुळे होलाच्या भोवती मऊ हिरवळ असते ती आमच्याकडे कधी उगवलीच नाही. तिथं तेल मिसळलेली वाळू पसरून चोपलेली असायची. तिला आम्ही ब्राऊन म्हणायचो. बाकी सगळ्या माळावर गावच्या म्हशी चरायच्या. त्यांचा हक्क राजेसाहेबांच्याही आधीचा होता.

आक्कासाहेबांचे वडील, म्हणजे माझे सासरे, संस्थानचे शेवटचे दिवाण. त्यामुळे आक्कासाहेब या मैदानावर लहानपणापासून खेळत आलेल्या. बायकांचा कप वर्षानुवर्षं त्यांच्याच बंगल्यात असायचा. बक्षीस समारंभाला तो सकाळी त्यांचा ड्रायव्हर क्लबवर आणून द्यायचा आणि दुपारी परत घेऊन जायचा.

मी गोल्फकडे वळले ती रक्तातल्या साखरेमुळे. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आक्कासाहेब म्हणाल्या, "रस्त्यानं कशाला चालतेस? माझ्या मागनं चाल." म्हणून मी साडी खोचून, कॅनव्हासचे बूट घालून त्यांच्या मागनं चालायला लागले. एक दिवस गंमत म्हणून त्यांनी माझ्या हातात काठी दिली. मी मारला तो चेंडू सरळ गेला, लांब गेला आणि एका म्हशीच्या पुढ्यात जाऊन थांबला. आक्कासाहेब म्हणाल्या, "नशीब."

नशीब दोन वर्षं टिकलं. मी उंच आहे, हात लांब आहेत, आणि माहेरी विट्याला आम्ही भाऊ-बहिणी मिळून पडेल तो खेळ खेळायचो. एकटी असले की मी उत्तम खेळायची. डॉक्टरीणबाईंबरोबर, कलेक्टरच्या बायकोबरोबरही उत्तम. पण समोर आक्कासाहेब उभ्या राहिल्या, की माझे हात दुसऱ्याच कुणाचे तरी व्हायचे.

त्या वर्षी कशी कोण जाणे, मी फायनलला पोहोचले. तेव्हा यांना आणि कर्नलसाहेबांना एकदमच साक्षात्कार झाला, की माझा प्रश्न खेळाचा नसून मनाचा आहे.

कर्नल सबनीस क्लबचे सेक्रेटरी. ते म्हणाले, "वहिनी, चेंडू मारताना मन कोरं पाहिजे. एकदम रिकामं."

मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण बायकांचं मन रिकामं करणं म्हणजे फराळाची बरणी रिकामी करून ठेवण्यासारखं आहे. रिकामी दिसली, की कुणीतरी लगेच काहीतरी भरायला येतं. मी डोळे मिटून उभी राहिले, की आधी दूध उतू जायचं, मग गॅसवाला यायचा, मग चुलत सासूबाईंचं गुडघ्याचं तेल आठवायचं.

यांचा उपाय वेगळा. "चेंडू आत गेलेला आधी डोळ्यांसमोर बघायचा, मग मारायचा," हे म्हणाले. घरच्या व्हरांड्यात स्टीलचा पेला आडवा ठेवून मी रोज संध्याकाळी सराव करायची. पेल्यात चेंडू खणखणीत जायचा. हे खूश. मग म्हणाले, "आता खऱ्या परिस्थितीची सवय करू." आतून माझी उन्हातली टोपी घालून आले, कमरेवर हात ठेवून पेल्याच्या मागे उभे राहिले आणि हुबेहूब आक्कासाहेबांच्या आवाजात म्हणाले, "सरोज, पदर."

माझा चेंडू जिन्यावरून खाली अंगणात गेला.

"बघा," हे गंभीरपणे म्हणाले. "इथंच तर मेख आहे."

मेख कुठं आहे ते मला माहीत होतं. पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं, कारण त्या मेखेला ते स्वतःही टांगलेले होते. आक्कासाहेबांचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा अमेरिकेत. एवढ्या मोठ्या बंगल्यात त्या एकट्या. त्या दिवाळीत जेवताना त्यांनी जाहीर केलं, की उदय रिटायर होतोय, तर आता तुम्ही दोघं माझ्याकडेच राहायला या. विचारलं नाही, जाहीर केलं. हे माझ्याकडे बघायला लागले. मी ताटाकडे बघत म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." यांनी तेच पुन्हा म्हटलं, फक्त जरा मोठ्यानं. त्यानंतर आमच्या घरात दोन ट्रंका उघड्या पडल्या होत्या आणि आम्ही दोघंही त्यांना वळसा घालून चालत होतो.

तर फायनल.

आमच्याकडे फायनल नऊ होलांची असायची. एकेक होल लढायचं. ज्याचा चेंडू कमी फटक्यांत आत, ते होल त्याचं. शेवटी जास्त होलं ज्याची, तो जिंकला. आणि या खेळात एक सभ्यतेची रीत आहे. समोरच्याचा चेंडू होलाच्या अगदी जवळ आला, इतका की चुकणं शक्यच नाही, तर आपण म्हणायचं, "दिला." मग त्यानं तो मारायची गरज नाही. आत गेला असं धरून उचलून घ्यायचा.

या बाबतीत माझा हात सढळ होता. पहिल्या होलावर आक्कासाहेबांचा चेंडू होलापासून चांगला हातभर लांब होता. मी म्हणाले, "राहू द्या आक्कासाहेब, दिला." तिसऱ्यावर तर मधे एखादी बाज टाकून झोपता आलं असतं. तरीही माझ्या तोंडून गेलं, "दिला." कर्नल पंच होते. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले.

माझा चेंडू वीतभरावर असला, की आक्कासाहेब आकाशाकडे बघत म्हणायच्या, "खेळ." मी खेळायची. अर्ध्या वेळा चुकायची.

चार होलं झाली तेव्हा त्या तीन होलांनी पुढे होत्या. हे दोन बॅगा घेऊन मधोमध चालत होते. कुणाच्याही जवळ जायचं नाही म्हणून माळावर एक सरळ रेघ धरून चालले होते.

पाचव्या होलाकडे जाताना आक्कासाहेब माझ्या बरोबरीनं आल्या.

"मागची खोली रंगवून घेतलीय तुमच्यासाठी. पिस्ता रंग."

"बरं."

"शिलाई मशीन आणू नकोस. जागा नाही, आणि माझ्याकडे शिंपी येतो."

"बरं."

"देवही तुझे आणू नकोस सगळे. माझ्याकडे आहेत. एखादा आण."

मी विचार केला, कुठला आणावा. हा विचार करताना मला काही विशेष वाटलं नाही. एवढी सवय झाली होती.

"आणि हो, तुमच्या घराला भाडेकरू बघितलाय. कचेरीतला आहे, चांगला माणूस. मंगळवारी घर बघायला येतोय. त्याची बायको म्हणत होती, ओटा फार उंच आहे असं ऐकलं. म्हटलं, फोडून घ्या हवा तर."

मी चालता चालता थांबले.

आमचं घर लहान आहे, पण तो ओटा मी स्वतः उभी राहून बांधून घेतला होता. गवंडी म्हणत होता, बाई, एवढा उंच कुणी करत नाही. मी म्हणाले होते, मी उंच आहे. लग्न झाल्यापासून दुसऱ्यांच्या ओट्यांवर वाकून वाकून माझी कंबर गेली होती. साऱ्या जगात ती एकच जागा होती, जिथं मी सरळ उभी राहून भाजी चिरायची.

"काय झालं?" आक्कासाहेबांनी विचारलं.

"काही नाही. खडा गेला बुटात."

बूट काढून झटकला. त्यात काही नव्हतं. मग मी यांच्या डाव्या खांद्यावरून काठी ओढून घेतली. जरा जोरात ओढली असावी, कारण हे माझ्याकडे कलले आणि उजव्या बाजूची बॅग धाडकन त्यांच्या पाठीवर आली.

मी चेंडू मारला. तो कुठं गेला ते मला दिसलंच नाही, कारण मी त्याच्याकडे बघत नव्हते. मी मनातल्या मनात कचेरीतल्या त्या चांगल्या माणसाच्या हातातून घण काढून घेत होते. मागून कर्नल हलक्या आवाजात म्हणाले, "अरे वा."

पाचवं होल मी जिंकलं. सहावंही जिंकलं. मन कोरं वगैरे मुळीच नव्हतं. उलट, एवढं भरलेलं होतं की त्यात आक्कासाहेबांना उभं राहायला जागा नव्हती. दूध नाही, गॅसवाला नाही, पदर नाही. सातवं बरोबरीत सुटलं. आठव्याला एक म्हैस मधे आडवी बसली होती. आक्कासाहेब तिला हाकलायला लागल्या. ती उठेना. त्या वळसा घालून खेळल्या. मी तिच्या डोक्यावरून चेंडू मारला. ती रवंथ करत राहिली. आठवंही माझं.

बरोबरी झाली. व्हरांड्यातली मंडळी चहाचे कप हातात घेऊन नवव्या ब्राऊनपाशी येऊन उभी राहिली. एरवी ती बक्षिसाच्या वेळीच खुर्चीवरून उठायची.

नवव्या होलावर माझा चेंडू चौथ्या फटक्याला आत गेला. आक्कासाहेबांचा चौथा फटका व्हायचा होता. त्यांचा चेंडू होलापासून वीतभर. तो आत गेला की पुन्हा बरोबरी, आणि मग एकेक होल पुढे खेळत राहायचं.

वीतभर. पाच वर्षांच्या पोरानं पायानं ढकलला तरी जाईल. असा चेंडू कुणी कुणाला मारायला लावत नाही, आणि हिरेगडात आक्कासाहेबांना तर नाहीच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. काठी काखेत मारली आणि चेंडू उचलायला वाकल्या.

माझी जीभ दातांना टेकली होती. 'दिला' तिच्या टोकावर होता. बत्तीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी इतक्या प्रकारे म्हटला होता, की आता तो उच्चारायला मला श्वाससुद्धा लागत नव्हता. यांनी खोकल्यासारखं केलं. लोक वाट बघत होते. सगळ्यांना घाई होती, कारण आत गरम वडे तयार होते.

आक्कासाहेबांची बोटं चेंडूपाशी पोहोचली.

"आक्कासाहेब," मी म्हणाले. "खेळा."

त्या वाकलेल्याच राहिल्या. मग हळूहळू सरळ झाल्या.

"काय म्हणालीस?"

"चेंडू खेळायचाय अजून."

"हा?"

"हो."

कर्नलसाहेबांनी घसा साफ केला. "नियमाप्रमाणे, आक्कासाहेब, वहिनींनी म्हटल्याशिवाय..."

"नियम मला माहीत आहेत, सबनीस. माझ्या वडिलांनी मराठीत आणलेत ते." त्यांनी काखेतली काठी हातात घेतली. "फळी फिरवा."

वाळूत पावलांच्या खुणा असतात, म्हणून मारण्याआधी एका लाकडी फळीनं वाट सारखी करून घेतात. वीतभर वाटेवर फळी फिरवायची म्हणजे फळीच वाटेपेक्षा मोठी. कर्नलनी ती गंभीरपणे फिरवली. आक्कासाहेबांनी टोपी सारखी केली. चेंडूच्या मागे जाऊन वाकून बघितलं. होलाच्या मागून बघितलं. पुन्हा चेंडूपाशी आल्या. आणि मला दिसलं, की त्यांची मनगटं थरथरत होती.

त्यांनी मारला. चेंडू होलाच्या काठावर गेला, डावीकडून अर्धा वळसा घालून आला आणि काठावर बसून राहिला. आत काही गेला नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. आमच्या यांनी दोन्ही बॅगा एकाच वेळी जमिनीवर ठेवल्या.

आक्कासाहेब माझ्याजवळ आल्या, रीतीप्रमाणे हात पुढे केला, "छान खेळलीस" म्हणाल्या आणि सरळ क्लबच्या आत गेल्या.

वडे कुणाला गोड लागले नाहीत. कप टेबलावर ठेवलेला. त्याच्याकडे कुणी बघेना. बायका माझं अभिनंदन करायला एकेकटीच यायच्या, आणि तेही आक्कासाहेबांची पाठ असेल तेव्हा. हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, मग उठून बहिणीच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, मग दाराशी जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळानं आक्कासाहेबांची खुर्ची रिकामी दिसली. ड्रायव्हर तर गाडीत बसलेला. मी बाहेर आले. त्या नवव्या ब्राऊनवर एकट्याच उभ्या होत्या. मला बघून हात केला. "इकडे ये."

मी गेले. 

त्यांनी चेंडू त्याच जागी ठेवला. वीतभर. मारला. आत गेला. काढून पुन्हा ठेवला. आत गेला. तिसऱ्यांदा काठावरून बाहेर आला.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "मला हा मारता येत नाही."

"येतो की. दोनदा गेला."

"तीनातला एक जात नाही. इतकी वर्षं खेळतेय, आणि मला हे माहीतच नव्हतं." त्यांनी चेंडू हातात घेतला. "मारायची वेळच कधी आली नाही गं. लहानपणी दिवाणसाहेबांची मुलगी म्हणून दिला. लग्नानंतर यांची बायको म्हणून दिला. आता विधवा आहे, म्हातारी झाले म्हणून देतात. सबनीस तर मला होल दिसायच्या आत दिला म्हणतो."



"मघाशी माझे हात कापत होते," त्या म्हणाल्या. "दिसलं तुला?"

"दिसलं."

"शेवटचे कधी कापले ते आठवतही नाही मला." आणि त्या हसायला लागल्या. त्यांचं हसणं मोठं नव्हतं, पण थांबत नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्याच पदरानं डोळे पुसले. मला तो सरळ करायचंही सुचलं नाही.

म्हटलं, आता नाही बोलले तर मंगळवार येईल.

"आक्कासाहेब, आम्ही राहायला येणार नाही तुमच्याकडे."

"ते कळलं मला मघाशीच," त्या म्हणाल्या. "खेळा म्हणालीस तेव्हा."

"राग आला?"

"आला तर. अजून आहे." त्यांनी चेंडू पुन्हा वाळूवर ठेवला, या वेळी दोन वितींवर. "आधीच का नाही बोललीस? पिस्ता रंग दिलाय मी खोलीला. मला स्वतःला तो रंग बघवत नाही."

"मग का दिलात?"

"तुला आवडतो असं उदय म्हणाला."

"मला? मला तर..." मी दाराशी उभ्या असलेल्या यांच्याकडे बघितलं. यांनी घाईघाईनं आकाशाकडे बघितलं.

"विचारायला हवं होतं तुला," आक्कासाहेब म्हणाल्या आणि जरा थांबून, "रोज संध्याकाळी एकटीनं जेवायचा कंटाळा येतो मला, एवढंच आहे ते."

"मग आमच्याकडे या जेवायला."

"रोज?"

"रोज नाही," मी म्हणाले. "मंगळवारी आणि शुक्रवारी."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, जणू मी या गावात नुकतीच बदलून आलेली कुणी नवी बाई होते. मग मान हलवली. "चालेल. फळी फिरव."

मी फळी फिरवली. ऊन उतरेपर्यंत त्या तो एकच फटका मारत राहिल्या, मी चेंडू परत देत राहिले, आणि व्हरांड्यातले लोक लांबून अंदाज करत राहिले, की तिथं भांडण चाललंय की काय.

 घराच्या फाटकापाशी आल्यावर हे म्हणाले, "मग ट्रंका?"

"रिकाम्या करा."

"मला वाटलं होतं तुम्हाला जायचंय."

"आणि मला वाटलं होतं तुम्हाला."

त्यांनी आत जाऊन, शर्टही न बदलता, ट्रंका रिकाम्या करायला घेतल्या. एवढ्या उत्साहानं त्यांनी घरातलं कुठलंच काम त्याआधी केलेलं मला आठवत नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पुढच्या वर्षी कप आक्कासाहेबांनी परत नेला. तेव्हाही नवव्याच होलावर त्यांचा शेवटचा चेंडू होलापाशी येऊन थांबला, वीतभरही नव्हता, चार बोटं असेल. सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. आक्कासाहेबांनीच हात वर करून मला गप्प बसायची खूण केली, टोपी सारखी केली, वाकून बघितलं आणि मारला.